घरचे फोटो-रेकॉर्डिंग घरच्याच मशीनवर ठेवायचेत, कोकणातल्या हवेत नि लाइटीत हे जमेल का?

वरची_पाखाडी (गुहागर)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटर. घरात आई, मी, बायको, दोन मुलं, आणि डोंबिवलीला धाकटा भाऊ नि वहिनी. थोडी कलमं आहेत, सीझनला दोन खोल्या पर्यटकांना देतो. बाबा मागच्या ऑगस्टमध्ये गेले. वाडीच्या नमनात ते मृदंग वाजवायचे, चाळीसेक वर्षं, आणि फोन हातात आल्यापासून प्रत्येक शिमग्याला स्वतः रेकॉर्डिंग करायचे, गण, गवळण, संकासुराची सोंगं, शिवाय म्हाताऱ्या माणसांना ओटीवर बसवून त्यांच्याकडून जुनी पदं म्हणून घेतलेली, त्यातली चार माणसं आज नाहीत. हे सगळं बाबांच्या फोनमध्ये आणि त्यांच्या खात्यावरच्या क्लाउडमध्ये आहे. बाकी आमच्या सगळ्यांच्या फोनचे फोटो धरले तर ३०० जीबीच्या आसपास जाईल.

दर महिन्याला जागा भरली म्हणून मेसेज येतो, मग वरचा प्लॅन घ्या. पैशाचं एवढं नाही, जातात ते जातात. पण बाबांचा आवाज कुठेतरी लांब कुणाच्या तरी मशीनवर पडलाय, त्याची किल्ली म्हणजे एक पासवर्ड, आणि उद्या हप्ता चुकला किंवा खातंच बंद झालं तर आपण दाद मागायला जायचं कुणाकडे, हे डोक्यातनं जात नाही.

युट्यूबवर बघितलं की लोक घरीच सर्व्हर लावतात, म्हणजे घरातलंच एक मशीन कायम चालू ठेवून त्यावर सगळं साठवतात, नेक्स्टक्लाउड, इमिच वगैरे सॉफ्टवेअर टाकून. माझ्याकडे मुलीचा जुना लॅपटॉप पडून आहे, आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली. इंटरनेट फायबरचं आहे, ४० एमबीपीएस. मला कॉम्प्युटर बऱ्यापैकी समजतो, लिनक्स दोनदा टाकलंय, पण सर्व्हर कधी केला नाही. विचारायचं हे की ह्या लॅपटॉपवर भागेल का, लाइट जाते त्याचं काय, खाऱ्या हवेत डिस्क किती टिकते, आणि डोंबिवलीवरनं भावाला हे सगळं दिसेल असं कसं करायचं. पावसाच्या आत उभं करायचंय, आगोटीची कामं सुरू झालीच आहेत त्यातच हेही उरकून घेईन म्हणतो.

---

जांभा_चिरा (रत्नागिरी)

तुमचं वाचून बरं वाटलं, बाबांनी केलंय ते मोलाचं काम आहे.

आधी सगळ्यात तातडीचं सांगतो, बाकी सर्व्हर वगैरे नंतर. बाबांचं खातं गुगलचं असेल तर त्यांचा नियम आहे की दोन वर्षं खात्यात कुणी गेलंच नाही तर खातं आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतात, डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. फोन चालू आहे का, त्यात लॉगिन आहे का ते आज बघा. फोनच्या नंबरचं रिचार्ज बंद करू नका, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार, आणि नंबर बंद झाला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात. लॉगिन करा, टेकआउटमधनं, म्हणजे खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गुगलचीच सोय आहे तिथनं, सगळं मागवा, ते झालं की मग निवांत सर्व्हरचा विचार करू.

आता लॅपटॉप. अगदी चालेल. आय-५ नि ८ जीबी म्हणजे घरच्या चार-सहा माणसांना भरपूर झालं. माझ्याकडे तीन वर्षं असाच एक आहे, वर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय), त्यात इमिच. फोटोंसाठी इमिचच घ्या. फोनवर त्याचं अ‍ॅप टाकलं की घरच्या वायफायवर आलं की फोटो आपोआप मशीनवर चढतात, चेहरे ओळखणं वगैरे सगळं तुमच्याच मशीनवर होतं, बाहेर काही जात नाही. पूर्वी त्यांच्याच पानावर लिहिलेलं असायचं की काम चालू आहे, मोडू शकतं, एकट्या ह्याच्यावर विसंबू नका, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० आलं आणि त्यांनी ते स्थिर म्हणून जाहीर केलं. तरीपण अपडेट मारायच्या आधी काय बदललंय ते वाचायची सवय ठेवा.

नेक्स्टक्लाउड वाईट नाही, २०१६ साली ओनक्लाउडमधनं फुटून निघालं, फायली, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट सगळं त्यात येतं. पण तुमची गरज फोटो आणि रेकॉर्डिंग, त्याला एवढा मोठा संसार मांडायची गरज नाही. एक मात्र लक्षात घ्या, इमिच फोटो नि व्हिडिओ घेतं, नुसत्या आवाजाच्या फायली घेत नाही. बाबांनी काही व्हॉइस रेकॉर्डरवर केलं असेल तर त्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सिंकथिंगने, म्हणजे दोन मशीनवरचं फोल्डर सारखं ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने, भावाच्या कॉम्प्युटरवर पाठवा. फक्त सिंकथिंगमध्ये एका बाजूला पुसलं की दुसऱ्या बाजूलाही पुसलं जातं, म्हणून त्यातलं जुन्या आवृत्त्या जपायचं सेटिंग पहिल्या दिवशीच चालू करा.

लॅपटॉपच्या एसएसडीवर सिस्टिम आणि इमिचचा डेटाबेस ठेवा, फोटो बाहेरच्या २ टीबी डिस्कवर. यूएसबीची वायर सैल झाली नि डिस्क सुटली तर फोटो भलतीकडे जातील अशी भीती मला होती, पण इमिच सुरू होताना फोल्डरमध्ये स्वतःची एक खुणेची फाइल शोधतं, ती सापडली नाही तर चालूच होत नाही.

लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपतो, ते सेटिंगमधनं बंद करा, लॉगइंड डॉट कॉन्फ नावाच्या फायलीत एक ओळ बदलायची असते. बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी तासभर तो उभा राहतो, हा लॅपटॉपचा मोठा फायदा. पण कायम चार्जिंगला ठेवलेली बॅटरी फुगते. चार्ज ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय तुमच्या मॉडेलला असेल तर लावा, नसेल तर दर महिन्याला खालनं हात फिरवून बघा आणि जरा जरी उचललेली वाटली तर काढून टाका, तशीच चालवू नका. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या. वीजबिलाचं म्हणाल तर १५ वॉट धरले तर महिन्याला ११ युनिट.

भावाचं. आपल्याकडे फायबर असलं तरी बहुतेकांना स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरनं थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, सीजीनॅटच्या मागे असतो आपण, म्हणजे एकच पत्ता कंपनी बऱ्याच घरांत वाटते. राउटरमध्ये बाहेरचा आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तेच. मग राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरनं आत यायचं दार, उघडून काही होत नाही. टेलस्केल टाका, लॅपटॉपवर आणि सगळ्या फोनवर, ते आपली उपकरणं इंटरनेटवरनं एकमेकांना कुलूपबंद वाटेने जोडतं, वायरगार्ड नावाच्या तंत्रावर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे, आणि भावाला डोंबिवलीतनं घरात बसल्यासारखं दिसेल.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दादा, मशीन कुठलं घ्यायचं ते वरती सांगितलंय, मी ते ठेवायचं कुठे एवढंच सांगणार आहे, कारण माझं सगळं त्याच्यात गेलं.

मी २०१९ पासून घरी ठेवत होते. दोन डिस्कचा डबा होता, एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच लिहिलं जायचं, मला वाटायचं दोन प्रती झाल्या. शिवाय एक तिसरी डिस्क होती, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावर सगळं कॉपी करून त्याच कपाटात खालच्या खणात ठेवायचे. अगदी नेमाने करायचे. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, पहाटे उठून सासूबाईंना आणि मुलाला वर माळ्यावर चढवलं, गॅसचा सिलिंडर तरंगायला लागला होता, त्या वेळी कपाट आठवलंसुद्धा नाही. पाणी उतरल्यावर उघडलं तर तिन्ही डिस्क चिखलात. तीन प्रती एका कपाटात म्हणजे एकच प्रत, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर अजून एक चूक केली, ती तुम्ही करू नका. डिस्क धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून मी ती लावून बघितली. वरनं सुकलेली दिसते पण आत गाळ असतो, फिरायला लागली आणि खरखर आवाज करून गेली. उरलेल्या दोन न लावता पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे पाठवल्या, त्यातल्या एकीवरनं थोडं परत मिळालं, पैसे भरपूर गेले. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही, उन्हात तापवायची नाही, तशीच पाठवायची.

सगळ्यात जास्त काय वाचलं सांगू? बहिणीला पुण्याला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो. क्वालिटी कमी झालेले, पण आहेत. माझ्या आईचा शेवटचा फोटो त्यातला आहे.

आमच्याकडचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, २००५ च्या पुरात त्यांची पुस्तकं भिजली आणि २०२१ ला परत भिजली. कागद काय नि डिस्क काय, नदीला सगळं सारखंच. त्यामुळे आता माझी एक प्रत वरच्या मजल्यावर चालू मशीनमध्ये, एक डिस्क बहिणीकडे पुण्याला, ती दिवाळीला आणि मे महिन्यात बदलली जाते, आणि तिसरी क्लाउडवर कुलूप लावून. तुमचा भाऊ डोंबिवलीला आहे ना, मग तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. त्याच्याकडे डिस्क ठेवा, आणि तीही तळमजल्यावर नको.

---

सुपारीबाग (दापोली)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

घरी सर्व्हर लावा, पण क्लाउड लगेच सोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत लाइट यायला २६ दिवस लागले. खांब आडवे, सुपाऱ्या आडव्या, टॉवर बंद. माझं घरचं मशीन तेव्हा नुसतं फडताळातलं लोखंड होतं. पंचनाम्यासाठी बागेचे आधीचे फोटो आणि कागद लागत होते, ते त्या मशीनवर. नंतर मुंबईच्या मेव्हण्याच्या लक्षात आलं की जुन्या क्लाउड खात्यावर बरंचसं अजून पडून आहे, मी खातं बंद करायचं राहून गेलं होतं म्हणून. त्याने तिथनं प्रिंट काढून माणसाबरोबर पाठवले. घरचं मशीन घरावर संकट आलं की घराबरोबरच झोपतं, ते गृहीत धरूनच चालायला पाहिजे.

दुसऱ्या बाजूने, एकट्या क्लाउडवर राहणंही तितकंच वाईट. २०२२ मध्ये अमेरिकेतली एक गोष्ट पेपरात आली होती, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाचे फोटो डॉक्टरला पाठवायला काढले, ते आपोआप गुगलवर चढले, यंत्राने ते अश्लील ठरवले आणि त्याचं खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं सांगितलं तरी खातं परत मिळालं नाही, ईमेल, फोटो, फोन नंबर सगळं त्याच्यात गेलं. म्हणजे वरची_पाखाडी, तुमची भीती खरी आहे.

म्हणून माझं म्हणणं, घर एक, भाऊ दोन, क्लाउड तीन. क्लाउडवर जे जाईल ते रेस्टिक नावाच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करून जाऊ दे, मग ठेवणाऱ्याला आत काय आहे ते कळतच नाही. तुमच्या ३०० जीबीला त्याचा खर्च फार येत नाही. रेस्टिकचा पासवर्ड मात्र हरवला तर कुणीही उघडून देऊ शकत नाही, तो कागदावर लिहायचा.

कागदावरनं अजून एक, आणि हे मला सर्व्हरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला, बारा दिवस दवाखान्यात. त्यातच मशीन बंद पडलं, आणि घरात कुणालाही ते परत चालू करता येईना. मुलीच्या ॲडमिशनचे कागद त्यावर होते. मी बरा होऊन आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे दोन पानं लिहून काढली, मशीन कुठलं, बटण कुठलं, पासवर्ड काय, डिस्क काढून साध्या कॉम्प्युटरला लावली तर फोटो कुठल्या फोल्डरमध्ये सापडतील. ती पानं सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलीत आणि बायकोकडनं एकदा सगळं करून घेतलंय, मी शेजारी बसून, हात न लावता. जे फक्त एकट्यालाच उघडता येतं ते घरच्यांचं कसलं, तुम्ही बाबांच्या खात्याचा प्रश्न आत्ता भोगताय, तोच तुमच्या मुलांसमोर ठेवू नका.

---

रापण (मालवण)

खाऱ्या हवेचा कोणी बोललाच नाय म्हणून मी लिहितंय. काय एक घाबरू नको, सगळा होतला.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, दांड्याच्या वाटेवर, बावीस वर्षं झाली, त्यामुळे समुद्राकाठची मशीनं आतनं कशी दिसतात ते रोज बघतो. पहिली गोष्ट, जी वस्तू चालू असते ती कमी कुजते. मशीन थोडं गरम राहतं त्यामुळे ओल धरत नाही. कुजतात त्या बंद ठेवलेल्या वस्तू, पावसाळ्यात कपाटात चार महिने ठेवलेला कॅमेरा नि डिस्क. म्हणून बॅकअपची डिस्क बंद ठेवायची असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेल, पापड-कुरडयांचा डबा असतो ना तसला. आणि जेल दर दोन महिन्यांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाकायचं.

मशीन समुद्राच्या बाजूच्या खिडकीत किंवा पडवीत ठेवू नको. माजघर बरं, पण चुलीच्या आणि न्हाणीच्या भिंतीला नको. जमिनीवर नको. जाळी लावलेली शेल्फ कर, कारण ऊब मिळते म्हणून मुंग्या नि पाली आत शिरतात, आणि कुंभारमाशी रिकाम्या पोर्टात मातीचं घर बांधते, माझ्याकडे दर वर्षी तसली चार-पाच येतातच. रिकाम्या पोर्टांना रबराची बुचं मिळतात. यूएसबीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, त्या दोन महिन्यांनी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत लाव, वायर सैल झाली म्हणून डिस्क सुटते असं म्हणतात त्यातलं निम्मं हे हिरवटपण असतं.

आता वीज, म्हणजे आभाळातली. मशीनं खाऱ्या हवेने हळूहळू जातात, विजेने एका क्षणात जातात. मेच्या शेवटी वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात परत जाताना जो गडगडाट असतो, त्या दिवसांत माझ्या दुकानात रांग लागते. सर्ज प्रोटेक्टर लोक घेतात पण घराला अर्थिंगच धड नसेल तर तो काय करणार, त्याने ती वीज टाकायची कुठे? आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, अर्थिंग लागतच नाही नीट. जाणत्या वायरमनला बोलाव, खड्डा कोळसा नि मीठ घालून नवा करून घे, मीटरने मोजून घे, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत जा. ते झालं तरी जवळ गडगडायला लागलं की प्लग काढायचा. फायबरच्या काचेतनं वीज येत नाही पण राउटरचा ॲडॅप्टर भिंतीलाच असतो, आणि जुनी तांब्याची वायर कुठे बाहेरनं आत येत असेल तर तीही काढ. मशीनला वायफायनेच जोड, लांबलचक लॅन केबल घराबाहेरनं त्या पर्यटकांच्या खोल्यांपर्यंत ओढू नको.

आणि एक सांगतो, बाबांची रेकॉर्डिंगं आहेत त्या फोनचा डिस्प्ले, बॅटरी काही गेलं तर कुणाकडे दुरुस्तीला टाकताना डेटा नको पुसू हे लिहून दे. बरेच जण फोन रिसेट करूनच सुरुवात करतात.

---

तिठा (कुडाळ)

वरचं सगळं पटलं, फक्त टेलस्केलबद्दल. आपण मोठ्या कंपन्यांना पर्याय म्हणून हे करतोय आणि परत दुसऱ्या कंपनीच्या दारातनंच घरात शिरायचं? उपकरणांची ओळख पटवून देणारा त्यांचा सर्व्हर त्यांचाच असतो. हेडस्केल आहे, तोच भाग स्वतः चालवायचा. किंवा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा स्वतःचा पत्ता, मिळत असेल तर सरळ वायरगार्ड.

---

जांभा_चिरा (रत्नागिरी)

तिठा, मुद्दा बरोबर आहे. पण किल्ल्या आपल्याच उपकरणांवर राहतात, फोटो जातात ते कुलूपबंद जातात, त्यांना आतलं दिसत नाही. हेडस्केल चालवायचं तर बाहेर पब्लिक आयपी असलेलं एक मशीन भाड्याने घ्यावं लागतं, म्हणजे सांभाळायचं अजून एक. पहिल्या वर्षी माणसाने एकच नवी गोष्ट शिकावी असं मला वाटतं. पुढच्या वर्षी बदलता येतं, फोटो जागचे हलत नाहीत.

बाकी काही लोक क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल, म्हणजे घरचं मशीन त्यांच्या सर्व्हरमधनं बाहेर दाखवायची सोय, सुचवतील, ते फोटोंसाठी घेऊ नका. एक तर तिथे कुलूप त्यांच्याकडे उघडतं, आणि फुकटच्या प्लॅनमध्ये एका वेळी १०० एमबीच्या वरची फाइल चढवता येत नाही, नमनाचा व्हिडिओ हमखास अडकेल.

---

वरची_पाखाडी (गुहागर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईला नि बायकोला वाचून दाखवलं. वाशिष्ठीकाठ ताई, तुमचं वाचताना आई उठून आत गेली, नंतर म्हणाली की त्यांना सांग तुमच्यामुळे आमचं वाचलं.

ठरलं ते असं. मशीन माजघरातल्या वरच्या फळीवर. आमच्या घरात पाणी शिरत नाही, डोंगराच्या उतारावर आहे, पण वादळाचं सांगता येत नाही. अर्थिंग बघायला वायरमन परवा येतोय. क्लाउडचा प्लॅन अजून वर्षभर चालू ठेवतो, घरची नि भावाकडची प्रत दोन्ही नीट चालतायत असं दिसलं की मग तिसऱ्या कुलूपबंद प्रतीचं बघतो. भावाकडे डिस्क पाठवायचा प्रश्न होता, ३०० जीबी इंटरनेटवरनं पाठवायला माझ्या अपलोडला किती दिवस लागतील कुणास ठाऊक. तर तो पुढच्या शनिवारी आंब्याच्या पेट्या न्यायला येणारच आहे, त्याच्याच पिशवीत पहिली प्रत भरून देतो, पुढचं रोजचं नवीन तेवढं टेलस्केलवरनं रेस्टिकने जाईल. त्याच्याकडे रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) पडून आहे तो तिथे लावेल, सातव्या मजल्यावर राहतो.

दोन पानं लिहायचं काम बायकोने घेतलंय. ती म्हणाली मीच लिहिते, मला समजलं नाही तर ते लिहिलेलं काय कामाचं.

बाबांचा फोन चालू झाला, लॉगिन आहे. त्यात एक अडचण. टेकआउट मागवायला बसलो तर फायली झिपच्या तुकड्यांत येणार म्हणतं, आणि कुठेतरी वाचलं की फोटोंच्या तारखा त्यात बिघडतात. बाबांनी नावं दिलेली नाहीत, कुठलं पद कुठल्या वर्षीचं हे फक्त तारखेवरनंच कळणार आहे, त्यामुळे तारखा गेल्या तर अर्धं गेलं.

---

जांभा_चिरा (रत्नागिरी)

तारखा जात नाहीत, बाजूला ठेवलेल्या असतात. प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाइल येते, तारीख, ठिकाण त्यात असतं. झिप हाताने उघडून फोटो तेवढे उचलले तर त्या मागे राहतात, आणि ज्या फोटोत स्वतःची तारीख नाही तो ज्या दिवशी उतरवला त्या दिवशीचा दिसायला लागतो. म्हणून झिप तशाच ठेवा आणि इमिच-गो नावाचं छोटं टूल आहे, त्याला झिपांचं फोल्डर दाखवा, ते जेसन वाचून तारखेसकट इमिचमध्ये चढवतं. सगळे तुकडे उतरल्यावरच चालवा, कारण फोटो एका झिपमध्ये नि त्याची जेसन दुसऱ्यात असं होतं. मूळ झिपासुद्धा पुसू नका, भावाच्या डिस्कवर एका बाजूला पडू देत.

तुकडा मोठा निवडा, ५० जीबीपर्यंतचा पर्याय आहे, म्हणजे संख्या कमी राहते. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, तर अख्खे ३०० जीबी उतरायला न थांबता १६-१७ तास. बाबांचंच आधी मागवा, बाकीच्यांची खाती नंतर.

---

रापण (मालवण)

आणि रे, ज्या म्हाताऱ्यांची पदं आहेत त्यांच्या घरच्यांना पण एकेक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दे. तेवढीच अजून चार घरांत राहतील. शिवाय कुठलं पद कुणाचं, कधीचं, हे त्यांना माहीत असेल, ते आत्ताच विचारून लिहून ठेव.

---

वरची_पाखाडी (गुहागर)

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. दोन घरं तर आमच्याच पाखाडीत आहेत, उद्या सकाळी जातो.

टेकआउट मागवलंय, बाबांचं. तयार झालं की मेल येईल म्हणतं.

---

जांभा_चिरा (रत्नागिरी)

मेल बाबांच्याच खात्यावर येईल, तेव्हा त्यांचा फोन चार्जिंगला नि नेटवर ठेवा. लिंक आठवडाभरच चालते, आली की त्याच रात्री उतरवायला लावा.